आईचं माहेरचं नाव मुलीला ठेवावं का? (लीअर, जर्मनी)

वाईची_लेक
१८ जानेवारी, रात्री ९:१०

नमस्कार. माझं आजोळ वाई. गेली सहा वर्षं जर्मनीच्या वायव्य कोपऱ्यात, लीअर नावाच्या गावी राहते. एम्स नदी गावाला लागून वाहते, थोडं पश्चिमेला गेलं की नेदरलँड्स. नवरा इथलाच, ऑस्टफ्रीसलँडचा. ही माणसं जर्मन आहेत, पण त्याआधी फ्रिसियन आहेत. जुनी माणसं घरात प्लाट नावाची इथली बोली बोलतात, चहा खडीसाखर आणि साय घालून तीन पेले तरी पितात, आणि यांची नावं उरलेल्या जर्मनीतही वेगळी वाटतात: ओनो, फोको, त्यार्क, गेस्के, टोमा, विबके.

मला नववा लागलाय. मुलगी आहे, इथे सांगतात. नावांची यादी आम्ही पाचव्या महिन्यापासून करतोय. दोन्ही भाषांत चालतील अशी छोटी नावं: मीरा, माया, तारा, मीना. लीला मला फार आवडलं होतं, पण जर्मनमध्ये लिला म्हणजे जांभळा रंग, म्हणून ते गेलं. शेवटी तारावर जवळजवळ ठरलं होतं.

मागच्या रविवारी सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव देतात. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं. आता कुणी पाळत नाही, पण तुझ्या आईला विचार तरी." मला भरून आलं. हा मान त्या स्वतःसाठी मागू शकल्या असत्या, त्यांनी माझ्या आईसाठी मागितला.

रात्री आईला फोन केला. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "माझं कुठलं?"

आई लग्नाआधी कृष्णा होती. घाटापासून पाच मिनिटांवर घर, कृष्णामाईच्या उत्सवाच्या दिवसांत जन्मली, म्हणून नदीचं नाव. लग्न होऊन साताऱ्याला आली तर सासऱ्यांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं नाव कृष्णाजी. सुनेला सासऱ्याच्या नावाने हाक कोण मारणार? लक्ष्मीपूजनाला ताटातल्या तांदळात अंगठीने 'सुमन' लिहिलं, आणि त्या दिवसापासून ती सुमन. त्याला ४३ वर्षं झाली. मला तिचं माहेरचं नाव माहीत होतं, पण मामाकडे कधीतरी कानावर पडलेलं, एवढंच.

ती म्हणाली, "सुमन ठेवू नकोस. ते माझ्यावर ठेवलेलं आहे. ठेवायचंच असेल तर कृष्णा ठेव. नाहीतर तुमच्या यादीतलं कुठलंही ठेवा, मला वाईट वाटणार नाही."

तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. माझे प्रश्न:
जर्मनीत मुलीचं नाव कृष्णा नोंदवू देतील का? इथे हा शब्द म्हटला की सगळ्यांना बासरीवाला देवच आठवतो.
फ्रिसियन बाजूचं काय ठेवायचं? नवऱ्याची पणजी टोमा होती, तो तिच्याबद्दल फार बोलतो.
आणि आडनाव. आम्ही दोघांनी आपापलं ठेवलंय.

अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

इसारकाठ
१८ जानेवारी, रात्री १०:०२

अभिनंदन! म्युनिकमध्ये १८ वर्षं आहे, दोन मुली. उच्चारांचं आधी सांगतो, कारण यात आम्ही पोळलो आहोत.

जर्मन माणूस 'जे' अक्षर 'य' वाचतो. आमची थोरली जुई. डॉक्टरांच्या खोलीबाहेर पहिल्यांदा "युई" अशी हाक आली तेव्हा आम्ही उठलोच नाही, दुसऱ्या कुणाला बोलावतायत असं वाटलं. 'व्ही'चा बऱ्याचदा 'फ' होतो. शब्दाच्या सुरुवातीला 'एस' आणि पुढे स्वर आला की 'झ' ऐकू येतो, म्हणजे सईची झई. ळ आणि ण नाहीतच.

कृष्णात यातलं एकही संकट नाही. ण चा न होईल, बस्स.

जुई आता १५ वर्षांची आहे. मध्यंतरी मी तिला म्हटलं, तुला हवं तर स्पेलिंग बदलून घेऊ. म्हणाली, "नको, शाळेतली युई आणि घरातली जुई, दोन्ही मीच आहे." मला तिच्याकडून हे ऐकून बरं वाटलं, पण निवडताना माहीत असतं तर मी 'डी-एस-सी-एच'ने (जर्मनमध्ये 'ज' असा लिहितात) सुरू होणारं काहीतरी लिहिलं असतं का, हे आजही सांगता येत नाही.

स्पष्ट_मत
१८ जानेवारी, रात्री ११:३०

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नये. हॅम्बुर्गमध्ये राहतो.

नाव आईबापांच्या भावनेसाठी नसतं. ते मुलीला आयुष्यभर वागवायचं असतं. बालवाडीत, शाळेत, नोकरीच्या अर्जावर, घर भाड्याने घेताना तिला दर वेळी सांगावं लागेल की मी मुलगी आहे, हे देवाचं नाव नाही, नदीचं आहे. वर्ण वेगळा, आई परदेशी, त्यात हे नाव. तिच्यावर एवढं ओझं कशाला? तारा सुंदर नाव आहे, दोन्हीकडे चालतं. आईचा मान ठेवायला दुसरे मार्ग आहेत. दुसरं नाव म्हणून कृष्णा लावा, प्रमाणपत्रावर राहील.

वाचनवेडी
१९ जानेवारी, सकाळी ७:१५

वाचतेय. "माझं कुठलं?" वाचून सकाळी सकाळी रडले.

सांगलीची_आजी
१९ जानेवारी, सकाळी ८:४०

बाळा, तुझ्या आईचं दुःख मला कळतं. मीही माहेरची वेगळी आणि सासरची वेगळी. माझ्या थोरल्या जाऊबाईंचं आणि माझं नाव एकच निघालं, म्हणून माझं बदललं. त्या काळी कुणी विचारतच नव्हतं गं. नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाण्यात. सासऱ्याचं नाव एखाद्या जिनसाला असलं तर तो जिन्नससुद्धा दुसऱ्या शब्दाने मागायचा. नातवाला आजोबांचं नाव ठेवलं की सुनेची पंचाईत, म्हणून घरोघरी पोरांना बाळ, अप्पा, भाऊ अशी हाक पडायची.

पण एक गोष्ट आधीच सांगते. तू कृष्णा ठेवलंस की साताऱ्याचे तुझे काका-आत्या काय म्हणतील? "पोरीने परदेशात राहून आमच्या वडिलांचं नाव ठेवलं!" सगळे खूश होतील, पेढे वाटतील, आणि तुझी आई पुन्हा एकदा त्या नावाच्या मागे झाकली जाईल. हे बारशाआधी बोलून टाक. बारशात बोलायला जाशील तर भांडण होईल.

दुभाषी
१९ जानेवारी, दुपारी १:२०

मी जर्मनीत कागदपत्रांची शपथबद्ध भाषांतरं करते, जन्मनोंदणीची प्रकरणं रोज हातात असतात. ठाम माहीत असलेलं तेवढंच लिहिते.

मुलीचं नाव: इथे एक निकाल आहे, तो प्रत्येक भारतीय आईबापांना माहीत असायला हवा. भारतीय वंशाच्या एका जर्मन जोडप्याने मुलीचं नाव किरण ठेवलं. नोंदणी कार्यालय म्हणालं, यावरून मुलगा की मुलगी कळत नाही, दुसरं स्पष्ट नाव जोडा. प्रकरण थेट घटना न्यायालयापर्यंत गेलं. ५ डिसेंबर २००८ रोजी न्यायालयाने सांगितलं की नावावरून लिंग कळलंच पाहिजे असा कायदा जर्मनीत नाही. मुलाचं हित धोक्यात येत नसेल तर नाव ठरवायचा हक्क आईबापांचा. म्हणजे ही वाट आपल्याच एका किरणने मोकळी करून ठेवली आहे.

तरी कार्यालयातल्या अधिकाऱ्याला नाव अनोळखी वाटलं तर तो विचारू शकतो. वीसबाडेनला जर्मन भाषेची एक संस्था आहे, गेझेलशाफ्ट फ्युर डॉइचे श्प्राखे. त्या फी घेऊन नावाचं प्रमाणपत्र देतात. नदीचा नकाशा आणि तुमच्या आईचा शाळा सोडल्याचा जुना दाखला असेल तर तोही भाषांतर करून जवळ ठेवा. त्यावर कृष्णा हे मुलीचं नाव म्हणून लिहिलेलं असेल, त्याहून चांगला पुरावा कुठला?

मुदत: जन्माची माहिती एका आठवड्यात द्यावी लागते, दवाखान्यात जन्म झाला तर ते दवाखानाच करतो. नाव ठरलं नसेल तर ते महिनाभरात कळवता येतं. दवाखान्यातल्या कागदावर घाईने काही लिहू नका. बारशाचा बारावा दिवस या महिन्यात आरामात बसतो.

नावांचा क्रम: एकाहून जास्त नावं जोडरेघेशिवाय ठेवली तर पुढे मुलीला त्यांचा क्रम बदलून घेता येतो. १ नोव्हेंबर २०१८ पासून ही सोय आहे. 'स्पष्ट_मत' यांची काळजी यात बऱ्यापैकी भागते.

आडनाव: १ मे २०२५ पासून कायदा बदलला. पूर्वी आई आणि बाप दोघांची आडनावं मिळून मुलाला लावता येत नव्हती, आता येतात, जोडरेघ देऊन किंवा न देता. आणि तुमच्यासाठी खास गोष्ट अशी की याच कायद्याने फ्रिसियन, डॅनिश आणि सोर्ब समाजांच्या जुन्या रीतींना जागा दिली. फ्रिसियन रीत म्हणजे आईच्या किंवा बापाच्या पहिल्या नावावरून मुलाचं आडनाव. नवऱ्याला विचारा, त्याला ही गोष्ट नक्की माहीत असेल.

वाईची_लेक
१९ जानेवारी, रात्री ९:४५

दुभाषी ताई, तुमचे आभार कसे मानू? किरणबद्दल मला काहीच माहीत नव्हतं.

नवऱ्याला विचारलं. तो तासभर बोलत होता. ऑस्टफ्रीसलँडमध्ये पूर्वी कायमची आडनावं नव्हतीच. बाप यान, तर मुलाचं आडनाव यान्सेन. बाप हार्म, तर मुलगा हार्म्स. पुढच्या पिढीत पुन्हा नवं. १८११ साली हा मुलूख नेपोलियनच्या ताब्यात असताना हुकूम निघाला की प्रत्येकाने एक कायमचं आडनाव घ्यायचं. लोक पुढेही बरीच वर्षं जुन्याच पद्धतीने चालले, पण शेवटी आडनावं गोठली. त्याचं स्वतःचं आडनाव म्हणजे कुणा एका खापरखापरपणजोबाचं पहिलं नाव आहे.

मी त्याला सांगितलं, आमच्याकडे हे अजून चालू आहे, फक्त मधल्या जागी. मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव. माझ्या पासपोर्टवर माझ्या नावापुढे बाबांचं नाव आहे, आणि इथल्या प्रत्येक कचेरीत ते माझंच दुसरं नाव समजतात. दाताच्या दवाखान्यात तर मला बाबांच्या नावाने हाक मारतात. सहा वर्षं मी ते दुरुस्त करत आले. तो म्हणाला, "म्हणजे तू इथे यायच्या आधीपासूनच अर्धी फ्रिसियन होतीस." आणि उठून जुनी बायबल घेऊन आला. तिच्या पहिल्या पानांवर सात पिढ्यांचे जन्म लिहिलेत, शाई बदलत गेलेली. नावं एकाआड एक पिढी तीच ती येतात. आजोबा, नातू, आजोबा, नातू. आपल्याकडेही असंच ना?

मडगावकार
१९ जानेवारी, रात्री १०:३०

अगदी असंच. आमच्याकडे गोव्यात थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठरलेलं. माझ्या घरात दोनच नावं आलटूनपालटून पाच पिढ्या चालली आहेत. पण पोरीच्या बाबतीत इतकं काटेकोर कुणी पाहत नव्हतं, आणि फ्रिसियनांनी आईच्या आईचा मान पहिला ठेवला हे वाचून त्यांच्याबद्दल आदर वाटला.

रॉटरडॅमकर
२० जानेवारी, दुपारी ४:०५

मी इथे बहुधा एकटी असेन जिला असं नाव मिळालंय, म्हणून सविस्तर लिहिते. मराठीत चुका असतील, सांभाळून घ्या.

आई नागपूरची, बाबा डच. मी आणि भाऊ दोघं नेदरलँड्समध्ये वाढलो. माझ्या जन्माच्या वेळी आईबाबांनी तेच केलं जे तुम्ही पाच महिने करत होता. दोन्हीकडे चालणारं, छोटं, कुणालाही न अडखळता म्हणता येणारं नाव शोधलं. मला अॅना ठेवलं. डच आजीला सोपं, नागपूरच्या आजीला सोपं. आईने डायरीत लिहिलंय की आन म्हणजे मान, तोही अर्थ लागतो.

मला नावाचा कधीच त्रास झाला नाही. 'स्पष्ट_मत' म्हणतात ते खरं आहे, मला कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. पण मला कुणी कधी काही विचारलंही नाही. माझ्या वर्गात तीन अॅना होत्या. नागपूरला गेले की शेजारी आईला विचारायचे, "हिचं आपलं नाव काय?" आणि आईकडे उत्तर नसायचं.

नावात दोन्ही घरं असावीत म्हणून ते निवडलं होतं. आणि त्या नावात दोन्ही घरांतलं कुणीच नाही. ना कुठली पणजी, ना कुठली नदी, ना कुठला सण. भावाच्या वेळी आईबाबा थकले होते, त्यांनी सरळ आजोबांचं नाव ठेवलं, पुंडलिक. डच माणसांना ते म्हणता येत नाही, मित्र त्याला 'पुन' म्हणतात. लहानपणी तो चिडायचा. आता तो ३१ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी पंढरपूरला गेला, एकटाच, मराठी धड येत नसताना. परत आल्यावर मला म्हणाला, "तिथे प्रत्येक जण माझं नाव घेऊन कीर्तन सुरू करतो." पुंडलिक वरदे म्हणतात ना, ते. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याचा मला हेवा वाटला.

म्हणून माझं ऐकाल तर दोघांना अर्धंअर्धं बसेल असं नाव नका शोधू. एक नाव पूर्ण वाईचं असू दे आणि एक पूर्ण लीअरचं. कृष्णा टोमा. दोन्ही सांगायला गोष्ट लागते, आणि ती गोष्ट मुलीला लहानपणापासून पाठ असेल.

स्पष्ट_मत
२० जानेवारी, सायंकाळी ६:५०

रॉटरडॅमकर, तुमचं वाचून मी थांबलो. मी माझ्या मुलाचं नाव ठेवताना नेमका तुमच्या आईबाबांसारखाच विचार केला होता. तो आता नऊ वर्षांचा आहे. आज जेवताना त्याला विचारलं, तुला तुझं नाव आवडतं का. म्हणाला, "हो, पण ते कुणाचं होतं?" माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

नोकरी आणि घरभाड्याबद्दल मी जे लिहिलं ते मात्र मागे घेत नाही. ते अनुभवातून लिहिलंय. फक्त ते आईबापांनी आधीच मुलाच्या नावातून कापून द्यावं का, याचा पुन्हा विचार करतोय.

नवगाव_ते_अश्दोद
२० जानेवारी, रात्री ११:१५

इस्रायलमधून लिहितो. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, घरात आजीआजोबांची मराठी अजून चालते. दोन नावांची सवय आमच्या लोकांना कोकणात असल्यापासून आहे. प्रार्थनेतलं नाव हिब्रू आणि गावातलं नाव मराठी वळणाचं. मुंबईतलं सगळ्यांत जुनं सिनेगॉग, शाआर हारहामीम, १७९६ साली ज्यांनी बांधलं ते सॅम्युएल इझिकिएल दिवेकर. इंग्रजी फौजेतले अधिकारी होते, आणि त्यांचंच दुसरं नाव सामाजी हसाजी दिवेकर. आडनाव रायगड जिल्ह्यातल्या दिवे गावावरून. एकाच माणसाच्या नावात बायबल, मराठी 'जी' आणि कोकणातलं गाव, तिन्ही.

इथे आल्यावर पुष्कळांनी 'कर' काढून टाकून नवी हिब्रू आडनावं घेतली. माझ्या वडिलांनी ठेवलं. शाळेत त्याबद्दल ऐकून घ्यावं लागायचं. आज माझी मुलगी आमच्या आडनावातलं, अलिबागजवळचं गाव नकाशात मैत्रिणींना दाखवते. तुमच्या मुलीला तर नकाशात दाखवायला अख्खी नदी आहे. महाबळेश्वरपासून थेट बंगालच्या उपसागरापर्यंत.

शुद्धलेखन
२१ जानेवारी, सकाळी १०:००

उशीर झाला, पण एक महत्त्वाचा मुद्दा कुणी मांडलेला दिसला नाही. रोमन लिपीत लिहिणार कसं?

सगळे गृहीत धरतायत 'क्रि'. पण तुमची आई 'क्रि' म्हणते का? मराठीत ऋ चा उच्चार रु च्या जवळचा आहे, हिंदीत रि. आपण अमृता म्हणतो ते अम्रुता, मृणाल म्हणतो ते म्रुणाल, ऋतुजा म्हणजे रुतुजा. वाईच्या घाटावर कुणीही क्रिष्णामाई म्हणत नाही, क्रुष्णामाई म्हणतात.

म्हणून के-आर-यू-एस-एच-एन-ए असं लिहा. पुष्कळ मराठी माणसं स्वतःचं नाव असंच लिहितात. जर्मन माणूस 'यू' नेहमी उ वाचतो, त्याची इथे मदतच होईल. 'श'साठी ते 'एस-सी-एच' लिहितात हे खरं, पण शाम्पूसारखे शब्द 'एस-एच'ने लिहिलेले रोज वाचतात, अडणार नाहीत. शिवाय पाहताक्षणी ते बासरीवाल्याच्या नावापासून वेगळं दिसेल. तुमचा पहिला प्रश्न यातच बराचसा सुटतो.

वाईची_लेक
२१ जानेवारी, रात्री ८:३०

शुद्धलेखन, तुमचा प्रतिसाद वाचून मी खुर्चीतून उठले. एका कागदावर ते सात अक्षरं मोठ्याने न सांगता लिहिली आणि सासूबाईंपुढे ठेवली. म्हटलं, वाचा.

"क्रुश्ना," म्हणाल्या. पहिल्याच फटक्यात. मग चहा गाळता गाळता आपल्याशीच चारपाच वेळा म्हणत राहिल्या.

मी तिथूनच आईला व्हिडिओवर घेतलं. सासूबाईंना मराठी येत नाही, आईला जर्मन येत नाही, एरवी दोघी एकमेकींना हात हलवतात आणि हसतात. आज सासूबाईंनी पडद्याकडे बघून म्हटलं, "क्रुश्ना." आईने आधी "हं?" केलं, जशी कुणी मागून हाक मारल्यावर करतात तशी. मग तिच्या लक्षात आलं.

४३ वर्षांत मामा सोडून तिला या नावाने कुणी हाक मारली नव्हती.

नाव ठरलंय. कृष्णा टोमा. आडनावाचं अजून घोळतंय. नवऱ्याला जुनी फ्रिसियन रीत फार मोहात पाडतेय, त्याच्या पहिल्या नावावरून मुलीचं आडनाव करायचं. मला त्याचा आनंद कळतो. पण आईचं नाव एका सासऱ्याच्या नावापायी गेलं. तिच्या नातीच्या नावात बापाचं नाव घालायची मला घाई नाही. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

दुभाषी
२१ जानेवारी, रात्री ९:२०

सांगा. आणि हेही सांगा की रीत दोन्हीकडे बदलतेय. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव, असा क्रम केलाय. तुमच्या मुलीला तो लागू होणार नाही. पण आईचं नाव मधे घालायला आता महाराष्ट्राचं सरकारच सांगतंय हे त्याला कळू दे. आणि जर्मन कायद्याने फ्रिसियन आडनाव आईच्या पहिल्या नावावरूनही करता येतं, हे मी वर लिहिलंच आहे.

एक व्यवहाराची गोष्ट: नवरा जर्मन म्हणजे मुलगी जन्मतः जर्मन नागरिक. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, पुढे तुम्ही तिचं ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) काढाल. त्यावर नाव पासपोर्टप्रमाणेच येईल, म्हणून जन्मदाखल्यावरचं अक्षर न् अक्षर सही करण्याआधी तपासा. एकदा छापलं की दुरुस्तीला महिने जातात.

सांगलीची_आजी
२२ जानेवारी, सकाळी ८:१५

साताऱ्याला फोन केलास का गं?

वाईची_लेक
२२ जानेवारी, सकाळी ११:००

नाही आजी. धीर होत नाही. करते.

इसारकाठ
१६ फेब्रुवारी, रात्री ९:००

वाईची लेक, सगळं ठीक ना? आठवण आली.

वाईची_लेक
२६ फेब्रुवारी, दुपारी ३:१०

सगळं ठीक. ९ तारखेला पहाटे मुलगी झाली. केस भरपूर, रंग माझा, नाक त्यांचं. आई जानेवारीच्या शेवटीच इथे आली होती, अळिवाचे लाडू आणि डिंक बॅगेत घेऊन.

दवाखान्यातल्या कागदावर नावाची जागा आम्ही रिकामी ठेवली. नंतर नवरा नोंदणी कार्यालयात गेला. तिथल्या बाईंनी एकच विचारलं, हे कुठलं नाव आहे? आईचा शाळेचा दाखला आणि त्याचं भाषांतर पुढे केलं. त्यांनी दाखल्यावरची जन्मतारीख पाहिली, आईकडे पाहिलं (ती बरोबर गेली होती, तिला बघायचंच होतं), आणि म्हणाल्या, "मग हे नाव या घरात आधीपासून आहे." प्रमाणपत्र मागितलं नाही. आडनाव दोघांचं, मधे रेघ न देता. नवऱ्याशी बोलले. तो एक दिवस गप्प होता. दुसऱ्या दिवशी त्याने बायबलमध्ये सात पिढ्यांखाली तिचं नाव लिहिलं आणि त्यापुढे कंसात, आईला विचारून, देवनागरीत आईचं लिहिलं. त्याला अक्षरं काढायला वीस मिनिटं लागली. त्याचं आता काही म्हणणं नाही.

साताऱ्याला फोन मात्र मुलगी झाल्यावरच केला. आजी, तुम्ही म्हणालात तस्संच झालं. धाकटे काका फोनवरच ओरडले, "आप्पांचं नाव ठेवलंस! पोरी, जिंकलंस!" मी म्हटलं, काका, आप्पांचं नाही. आईचं ठेवलंय. ते म्हणाले, आईचं म्हणजे? वहिनींचं नाव सुमन ना? मग मी सगळं सांगितलं.

काका लग्नाच्या वेळी सात वर्षांचे होते. आईने त्यांना शाळेत सोडलंय, परीक्षेला दहीसाखर हातावर दिलीय, त्यांच्या मुंजीत त्यांना कडेवर घेतलेला फोटो आहे. त्याच घरात ४३ वर्षं. ते म्हणाले, "वहिनींचं नाव कृष्णा होतं हे मला कुणी सांगितलंच नाही." मग म्हणाले, "वहिनींना दे फोन." दोघं काय बोलले ते मी ऐकलं नाही, मी बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत गेले.

बारसं बाराव्या दिवशी जमलं नाही, मला ताप होता. आता येत्या रविवारी आहे. पाळणा नवऱ्याच्या आजोबांनी केलेला, लाकडी. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे नणंदबाईंचा. त्या ब्रेमेनहून येतायत. कानात कुर्रर्र कसं करायचं ते आईने त्यांना व्हिडिओवर तीनदा करून दाखवलं. सासूबाईंनी मनुका ब्रँडीत आणि खडीसाखरेत घालून बरणी डिसेंबरपासूनच मुरत ठेवलीय. इथे बाळाला बघायला येणाऱ्यांना ते छोट्या पेल्यात चमचा घालून देतात. घुगऱ्यांचे हरभरे शनिवारी रात्री आई भिजत घालेल. दोन्ही एकाच टेबलावर असतील.

एकच राहिलंय. आईला आठवणारे पाळणे सगळे रामाचे, नाहीतर कृष्णाचे, म्हणजे देवाचे आहेत. कुणाला कृष्णामाईचा, नदीचा पाळणा येत असेल तर रविवारच्या आत इथे लिहाल का? दोन कडवी असली तरी चालतील.